धुरा ते ट्रेलर : जोडाचा इतिहास

ओढणाऱ्याची कीर्ती सर्वत्र होते. बैलाची होते, हत्तीची होते, आगगाडीच्या एंजिनाचीही होते. ओढल्या जाणाऱ्या भाराचा हिशेब व्यापारी वहीत लिहून ठेवतो. परंतु या दोहोंच्या मध्ये जो लहानसा जोड असतो, त्याची आठवण तो तुटल्यावाचून सहसा कोणास होत नाही. मराठी भाषा मात्र या बाबतीत कृतघ्न नाही. बैल आणि गाडी यांना सांधणारी जी पुढली लांब दांडी, ती धुरा. आणि मोठ्या कार्याचा भार अंगावर घेणाऱ्या पुरुषास मराठीत धुरीण म्हणतात, धुरंधर म्हणतात. भाषेने हा मान ना चाकाला दिला, ना बैलाला. तो तिने जोडाला दिला.

अलीकडे मोटारीमागे फिरते घर जोडून प्रवासास निघण्याची हौस आपल्याकडेही उत्पन्न झाली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरावान पर्यटनाचे धोरण जाहीर केले, आणि ताडोबाच्या अरण्याकडे जाणाऱ्या शहरी कुटुंबांच्या बोलण्यात ट्रेलर, हिच, सात पिनांचा प्लग असे शब्द येऊ लागले. कोणता आकडा घ्यावा आणि कोणता प्लग बसवावा, हा प्रश्न वरवर पाहता दुकानातल्या गल्ल्यावर सुटणारा वाटतो. वस्तुतः त्याची उत्तरे पुष्कळ अनुभवाने आणि काही ठिकाणी पुष्कळ रक्त सांडून मिळालेली आहेत. तो अनुभव पाहावयाचा तर पूर्वीच्या चांदा जिल्ह्याइतके सोयीचे क्षेत्र क्वचितच सापडेल. ज्याचे पुढे चंद्रपूर झाले आणि ज्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा जिल्हा वेगळा निघाला, त्या या वनप्रदेशात बैलाची बंडी, लाकूड ओढणारा हत्ती, कोळशाची आगगाडी आणि ट्रॅक्टरची ट्रॉली असे जोडाचे सर्व अवतार होऊन गेले आहेत.

आरंभ बंडीपासून करणे योग्य. विदर्भात भार वाहणाऱ्या बैलगाडीस बंडी म्हणतात; माणसांसाठी रेंगी आणि दमणी अशा हलक्या गाड्या असत. बंडीचा जोड वरवर अगदी साधा आहे. दोन बैलांच्या मानेवर आडवे जू, जुवाच्या टोकांशी शिवळा, मानेखालून जाणारी जोती, आणि जुवाच्या मध्यभागी दोराने आवळून बांधलेली धुरा. परंतु या साध्या रचनेत तीन कामे एकाच वेळी साधलेली आहेत. धुरेने भार ओढला जातो. उतारावर गाडी बैलांच्या अंगावर येऊ लागली तर त्याच धुरेने ती रोखली जाते. आणि दोराचा बांध पूर्ण ताठ नसल्यामुळे खाचखळग्यांतून जाताना जू व गाडी आपापल्या परीने कलू शकतात. ओढणे, रोखणे आणि वळू देणे, ही तिन्ही कामे जो करतो तोच खरा जोड.

गाडीवानाला आणखी एक गोष्ट ठाऊक असे. दोन चाकांच्या गाडीत भार कोठे ठेवला यावर सर्व काही अवलंबून असते. भार मागे अधिक झाला की धुरा वर उचलली जाते, जोती बैलांच्या गळ्याला काचतात, आणि चढावर तर गाडी मागे उलटावयास पाहते. अशी गाडी उलाळ झाली असे म्हणत. भार पुढे अधिक झाला की सारे ओझे बैलांच्या मानेवर येते; ती गाडी धुरजड. चांगला गाडीवान निघण्यापूर्वी धुरा हाताने उचलून पाही, आणि ती किंचित जड लागली म्हणजे समाधानाने बैल जुंपी. 'किंचित जड' हे माप ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे तेच माप टक्केवारीचा वेष घेऊन मोटारीच्या पुस्तकांत आलेले दिसेल.

आलापल्ली, अहेरी आणि सिरोंचा या भागांतील सागाचे लाकूड प्रसिद्ध आहे. तोडलेला ओंडका जेथे पडला तेथून गाडीवाटेपर्यंत आणण्याचे काम बैल, रेडे आणि हत्ती यांच्याकडे असे. कमलापूर येथे वनविभागाचा जो हत्ती कॅम्प आहे, त्यातील हत्ती एके काळी याच कामासाठी राबत. हत्तीच्या छातीला पट्टा आणि ओंडक्याला साखळी, इतकाच हा जोड. साखळी ओढण्यास उत्तम, वळण्यासही उत्तम. परंतु रोखण्याचा गुण तिच्या अंगी नाही. सपाटीवर ओंडका निमूटपणे मागून येतो, आणि उतार लागताच साखळी सैल पडून तोच ओंडका हत्तीच्या मागल्या पायांवर धावून जातो. म्हणून साखळीची लांबी आणि उताराची वाट माहुताला फार जपून निवडावी लागते. केवळ दोरीने वा साखळीने ओढलेला भार उतारावर ओढणाऱ्याचा वैरी होतो, हा धडा अरण्याने प्रत्येक पिढीस नव्याने दिला आहे. बिघडलेली मोटार दोराने बांधून घाटातून ओढून नेणारास तो आजही मिळतो.

या प्रदेशातील माल बाहेर नेण्यासाठी इंग्रजी अमदानीत आधी नद्यांवर भिस्त ठेवण्यात आली होती. गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा यांतून नौका चालवाव्यात म्हणून बांधलेली योजना मोठ्या खर्चानंतर १८७१ साली सोडून देण्यात आली. त्याच दशकात वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग झाला आणि वरोऱ्याचा कोळसा आगगाडीत पडू लागला. ती खाण १९०६ साली बंद पडली. परंतु तोवर बल्लारपूरचा कोळसा दृष्टिपथात आला होता, आणि आगगाडीने या जिल्ह्यात कायमचे ठाण मांडले होते.

आगगाडीच्या जोडात बंडीची तीन कामे दोन अवयवांत वाटली गेली. मधला आकडा आणि त्याचा मळसूत्री दुवा ओढण्याचे काम करी, आणि दोन्ही बाजूंचे धक्के सोसणारे बफर रोखण्याचे. मळसूत्र फिरवून दुवा घट्ट केला की डबे एकमेकांस बिलगून राहत. या रचनेत एक मोठे वैगुण्य होते. प्रत्येक जोड करण्यासाठी एका मनुष्यास दोन डब्यांच्या मध्ये, बफरांखाली वाकून शिरावे लागे. अमेरिकेत तर दुवा आणि खीळ यांचा याहूनही ओबडधोबड जोड होता. डबा सरकत येत असतानाच हाताने दुवा धरून त्यात खीळ टाकावी लागे, आणि या कामात असंख्य कामगारांची बोटे व प्राण गेले. एली जॅनी या गृहस्थाने १८७३ साली एका निराळ्या जोडाचे पेटंट घेतले. दोन माणसांनी बोटे वाकवून एकमेकांच्या हातात अडकवावीत तसे दोन लोखंडी पंजे त्यात धडकेसरशी एकमेकांत अडकत, आणि मधे माणूस घालण्याचे कारण उरत नसे. तथापि वीस वर्षे रेल्वे कंपन्यांनी खर्चाकडे पाहून चालढकल केली. १८९३ साली अमेरिकेच्या काँग्रेसने कायदाच केला, तेव्हा कोठे असे आपोआप बसणारे जोड सक्तीचे झाले. भारतातही स्वातंत्र्यानंतर मालगाड्यांच्या डब्यांना मधला पंजाचा जोड बसू लागला. आज बल्लारशाहवरून जाणाऱ्या कोळशाच्या गाड्यांना जो जोड दिसतो, तो त्याच कुळातला होय.

परंतु जोडाच्या इतिहासातील सर्वांत मोठा धडा आयर्लंडमधील अर्मा या गावाजवळ १२ जून १८८९ रोजी मिळाला. सहलीस निघालेल्या मुलामाणसांनी भरलेली एक गाडी चढावर अडून पडली. पुढला भाग आधी न्यावा, मागला नंतर, असा विचार करून मधला जोड सोडण्यात आला. त्या गाडीचे निर्वात ब्रेक अशा जातीचे होते की, नळी एंजिनाशी जोडलेली असेपर्यंतच ते लागत. नळी सुटली की मागल्या डब्यांना ब्रेक उरत नसे. सुटलेले डबे उतारावरून मागे धावत सुटले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसे मेली, आणि त्यांत मुले पुष्कळ होती. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून प्रवासी गाड्यांना स्वयंचलित ब्रेक सक्तीचा केला. या ब्रेकचे तत्त्व उलटे आहे. नळी शाबूत असेपर्यंत ब्रेक सुटलेला राहतो. नळी तुटली की तो स्वतः होऊन लागतो. जॉर्ज वेस्टिंगहाऊसने हवेच्या ब्रेकमध्ये ते १८७२ सालीच आणले होते. कायदा येण्यास अर्माचा अपघात व्हावा लागला.

या तत्त्वाने जोडाची कसोटीच बदलली. पूर्वी 'जोड किती बळकट आहे?' एवढेच विचारीत. आता 'जोड तुटला तर काय होईल?' हा प्रश्न पुढे आला. कोणतेही लोखंड केव्हा तरी तुटते. मनुष्याची खीळ केव्हा तरी नीट बसत नाही. शहाणा जोड तो की जो तुटतानाही शेवटचे एक काम करून तुटतो.

याच विचाराची दुसरी बाजू म्हणजे गाडीचा शेवटचा दिवा. आगगाडीच्या अखेरच्या डब्यास तांबडा दिवा आणि शेवटच्या डब्याची खूण असते. मागून येणाऱ्यास सावध करणे हे त्या दिव्याचे एक काम; दुसरे काम असे की, स्टेशनातील अधिकारी ती खूण पाहून गाडी पूर्ण आली, वाटेत तुटली नाही, अशी खात्री करून घेतो. म्हणजे शेवटचा दिवा हा जोड शाबूत असल्याचा पुरावाही होय. बंडीवाल्याने हे काम आपल्या परीने केलेच होते. रात्री रस्त्याने जाताना तो गाडीखाली कंदील टांगी. त्या कंदिलाचे तेल त्याच्याच पोटात असे, म्हणून त्यास कसल्याही जोडाची गरज नव्हती. विजेच्या दिव्याचे तेल मात्र पुढल्या वाहनातून येते. यामुळेच विजेचा प्लग हा आधुनिक जोडाचा चौथा अवयव झाला.

जोड जुळले नाहीत म्हणजे काय होते, तेही याच जिल्ह्याने पाहिले. गोंदियाहून नागभीडमार्गे चांद्यास येणारा बंगाल-नागपूर रेल्वेचा मार्ग ७६२ मिलिमीटर रुंदीचा. वर्ध्याकडून येणारा मार्ग १,६७६ मिलिमीटरचा. काझीपेठ-बल्लारशाह मार्ग १९२९ साली पुरा होऊन दिल्ली-मद्रास अशी सरळ वाट झाली, तीही रुंद. एका मार्गाचा डबा दुसऱ्यावर जाणे अशक्य. माल एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. १९९० नंतरच्या दशकात गोंदिया-चांदा मार्ग रुंद करण्यात आला तेव्हाच ही दुहेरी हमाली संपली. दोन वस्तू आपापल्या ठिकाणी उत्तम असून एकमेकींस जोडता येत नसतील, तर त्यांच्या उत्तमपणाचा उपयोग अर्धाच राहतो.

मोटारीमागे गाडा जोडण्याची गोष्टही लाकडाच्याच व्यापारातून सुरू व्हावी, हा योगायोग चांद्याच्या रहिवाशांस आवडण्यासारखा आहे. १९१४ साली डेट्रॉईट येथील फ्रेडरिक सिब्ली नावाच्या लाकूडव्यापाऱ्यास आपली होडी फोर्ड मोटारीने ओढून न्यावयाची होती. ऑगस्ट फ्रूहॉफ या लोहाराने त्यासाठी एक गाडा बनवून दिला. तो इतका सोयीचा ठरला की व्यापाऱ्याने आपले लाकूड वाहण्यासाठीही तसेच गाडे करून घेतले, आणि पुढे त्यातून अवजड ट्रेलरांचा एक मोठा कारखाना उभा राहिला. फिरत्या घराची हौस त्याहून जुनी. इंग्लंडमध्ये डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ साली केवळ सहलीसाठी घोड्यांनी ओढावयाचे घर बांधून घेतले होते. इकडे चांद्याच्या रानात वनाधिकारी व महसुली अधिकारी हिवाळ्यात दौऱ्यावर निघत, तेव्हा तंबू, खाटा, कागदपत्रे आणि स्वयंपाकाची भांडी बंड्यांवर घालून अख्खे बिऱ्हाडच मुक्कामामागून मुक्काम हलत असे. फिरते घर या प्रदेशास अपरिचित नव्हते. त्याच्या पुढे बैल होते, एवढेच.

आता आजच्या प्रश्नाकडे वळता येईल. मोटारीमागील जोडाचे मुख्य प्रकार तीन. ट्रॅक्टर व ट्रॉली यांत बहुधा पट्टीच्या छिद्रातून जाणारी खीळ असते. अवजड मालमोटारींत ट्रेलरचा पुढला भाग एका आडव्या तबकडीवर टेकतो. त्यास पाचवे चाक म्हणतात. आणि हलक्या फिरत्या घरांसाठी गोळा व वाटी यांचा जोड असतो: मोटारीच्या मागे लोखंडी गोळा, ट्रेलरच्या दांड्यास तो गोळा वरून झाकून कुलुपाप्रमाणे धरणारी वाटी. या सांध्याने ओढता येते, रोखता येते आणि सर्व दिशांनी वळता येते.

परंतु गोळ्यांच्या मापांत गोंदिया-चांदा मार्गासारखाच घोटाळा दडलेला आहे. युरोपीय पद्धतीचा गोळा ५० मिलिमीटर व्यासाचा. अमेरिकेत फार प्रचारात असलेला गोळा २ इंचांचा, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा. डोळ्यांस हा फरक दिसत नाही. ५० मिलिमीटरच्या गोळ्यावर २ इंची वाटी बसल्यासारखी वाटते आणि खड्ड्यात उडून निघते. उलट बाजूने वाटी पुरती खालीच बसत नाही. म्हणून गोळा आणि वाटी या दोहोंवर कोरलेले माप वाचल्यावाचून जोड करू नये. दोहोंवर भाराची मर्यादाही लिहिलेली असते. मोटार, गोळा, वाटी आणि ट्रेलर या चौघांत जिची मर्यादा सर्वांत कमी, तीच साऱ्या गाडीची मर्यादा होय.

बंडीवाल्याची 'किंचित जड' धुरा येथे पुन्हा भेटते. गोळ्यावर येणारा उभा भार ट्रेलरच्या एकंदर वजनाच्या १० ते १५ टक्के असावा, असा अमेरिकेतील दंडक आहे. युरोपातील हलक्या मोटारींसाठी तो याहून कमी धरतात, आणि मोटार बनविणाऱ्याने घातलेली मर्यादा ओलांडावयाची नाही हे सर्वत्र समान. १,००० किलोग्रॅमच्या घरास अमेरिकी हिशेबाने हा भार १०० ते १५० किलोग्रॅम होतो. घर उलाळ असेल, तर वेग वाढताच ते शेपटीसारखे डावीउजवीकडे हेलकावू लागते आणि मोटारीसही आपल्याबरोबर फरफटत नेते. धुरजड असेल, तर मोटारीची मागची बाजू दबते, पुढल्या चाकांची पकड सुटते आणि दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. ट्रॅक्टरच्या बाबतीत जोडाची उंचीही तितकीच महत्त्वाची आहे. जड ट्रॉली मागल्या आंसाहून उंच ठिकाणी जोडली, तर चढावर ट्रॅक्टरची पुढली चाके उचलली जाऊन तो चालकावर उलटण्याचे भय असते.

अर्माच्या धड्याचे फळ म्हणजे सुरक्षेच्या दोन साखळ्या आणि तुटजोडीची तार. साखळ्या दांड्याखाली एकमेकींस छेदून अडकवाव्या, म्हणजे वाटी निसटली तरी दांडा जमिनीवर न आपटता त्यांच्या झोळीत पडतो. तुटजोडीची तार ट्रेलरच्या स्वतःच्या ब्रेकशी जोडलेली असते. ट्रेलर वेगळा होताच ती ओढली जाऊन ब्रेक आपोआप लागतो. ही तार मोटारीच्या सांगाड्यास बांधावयाची. गोळ्याच्या तुकड्यास बांधली, तर तो तुकडाच निखळल्यावर ती निरुपयोगी होते.

राहिला विजेचा जोड. साध्या ट्रेलरास चार तारांचा चपटा प्लग पुरतो: मागील दिवे, डावी खूण, उजवी खूण आणि परतीची तार. युरोपीय गोल प्लगास सात पिना असतात. त्यांत डावीकडे वळण्याची खूण, उजवीकडे वळण्याची खूण, ब्रेकचा दिवा, दोन बाजूंचे मागील दिवे, धुक्यातला दिवा आणि परतीची तार यांस निरनिराळी जागा आहे. अमेरिकी सातपाती प्लगात मात्र ट्रेलरच्या विजेच्या ब्रेकची आणि बॅटरी भरण्याची तार असते, आणि तेथे ब्रेकचा व वळणाचा संदेश पुष्कळदा एकाच तारेने जातो. म्हणून पिना सातच आहेत एवढ्यावरून दोन्ही प्लग एक समजू नयेत. मोटार व ट्रॅक्टर यांची वीज बहुधा १२ व्होल्टची, अवजड मालमोटारींची २४ व्होल्टची. १२ व्होल्टचा दिवा २४ व्होल्टवर क्षणात जळतो.

या सर्वांत परतीची तार सर्वाधिक उपेक्षित. गोळा-वाटीचे लोखंड एकमेकांस लागलेलेच आहे, मग वेगळी तार कशाला, असे पुष्कळांस वाटते. परंतु तेथे वंगण असते, गंज असतो. वीज अडखळते, आणि डावी खूण लावली असता सगळेच दिवे मंद लुकलुकू लागतात. गडचिरोलीसारख्या पावसाळी प्रदेशात प्लगात पाणी शिरून पितळी पिनांवर हिरवा कळंक चढतो. यास्तव झाकण घट्ट बसणारा प्लग निवडावा, पिनांस त्यासाठीचे खास वंगण लावावे, आणि तार वळणावर ताणली जाणार नाही व जमिनीवर घासणारही नाही इतकीच लांब ठेवावी. निघण्यापूर्वी एकाने मागे उभे राहून प्रत्येक दिवा पाहावा, हा विधी दोन मिनिटांचा आहे.

या दोन मिनिटांचे मोल आलापल्ली-सिरोंचा रस्त्यावरील रात्र जाणते. दोहोंकडे दाट जंगल, दिव्यांचे खांब नाहीत, आणि पुढे धान वा लाकूड भरलेली एखादी ट्रॉली मागील दिव्यावाचून चालली आहे. तिचा लोखंडी जोड कितीही बळकट असला, तरी मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या दृष्टीने ती ट्रॉली अस्तित्वातच नसते. जुन्या बंडीवाल्याने आपला कंदील विसरला नव्हता. शंभर अश्वशक्तीच्या स्वामीने तो विसरावा, हे प्रगतीचे लक्षण नव्हे.

जुवाच्या दोरापासून सात पिनांच्या प्लगापर्यंत झालेल्या या प्रवासात जोड पोलादी झाले, मापे ठरली, कायदे आले. तरी त्या सर्वांच्या मुळाशी असलेली भावना एकच आहे. जो पुढे जातो, त्याने मागून येणाऱ्याची जबाबदारी घ्यावयाची असते. तो आपल्यास बांधलेला असेल तेव्हाही, आणि दुर्दैवाने सुटला तर तेव्हाही. धुरा वाहणे म्हणजे याहून वेगळे काही नव्हे.